पॅराफिन ओळखा, मग हात लावा: गॅसच्या टाकीपासून मेणाच्या लादीपर्यंत

स्वयंपाकाचा गॅस, गाडीतलं पेट्रोल, कंदिलातलं घासलेट, टाचांच्या भेगांना लावायचं व्हॅसलीन आणि लाईट गेल्यावर पेटवायची मेणबत्ती ही सगळी एकाच कुळातली आहेत. या कुळाला रसायनशास्त्रात पॅराफिन म्हणतात. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव अल्केन किंवा संपृक्त हायड्रोकार्बन असं येतं. बचत गटातून मेणबत्त्यांचं काम सुरू करणाऱ्या बायका, शेतातल्या आखाड्यावर डिझेलचा कॅन ठेवणारे शेतकरी आणि दहावीच्या वर्गाला हा धडा शिकवणारे नवे शिक्षक यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. रसायनशास्त्र फारसं आठवत नसलं तरी अडणार नाही. एवढंच समजून घ्या, की कार्बनची साखळी किती लांब आहे हे कळलं की तो पदार्थ कसा वागेल हे आधीच सांगता येतं. आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे आधी कळणं फार गरजेचं आहे, कारण बाटलीवर, डब्यावर लिहिलेल्या कितीतरी सूचना आपल्यापेक्षा थंड हवा गृहीत धरून लिहिलेल्या असतात.

पायरी १: साखळी मोजा

पॅराफिनच्या रेणूत दोनच मूलद्रव्यं असतात, कार्बन आणि हायड्रोजन. कार्बनचे अणू एकमेकांना एकेरी बंधानं जोडलेले असतात आणि उरलेल्या प्रत्येक जागेवर हायड्रोजन बसलेला असतो. हिशोब सोपा आहे: कार्बन जितके असतील त्याची दुप्पट करा, २ मिळवा, तेवढे हायड्रोजन. एका कार्बनला ४ हायड्रोजन, तो मिथेन. तिघांना ८, तो प्रोपेन. चौघांना १०, तो ब्युटेन. पंचवीस कार्बनना ५२, हे मेण.

या रेणूंमध्ये आम्लाला किंवा अल्कलीला पकडायला जागाच नसते. म्हणून मेणावर सोडा टाका, लिंबू पिळा, काही होत नाही. रेणू एकमेकांना धरून ठेवतात तेही अगदी हलक्या आकर्षणानं. साखळी आखूड असली की ही पकड नावापुरती, पदार्थ वायू होऊन उडून जातो. साखळी लांबली की पकड वाढत जाते. आधी द्रव, मग मलम, मग घट्ट मेण.

आकडे पाहिले की हे मनात पक्कं बसतं. मिथेन उणे १६१ अंशांना उकळतो, प्रोपेन उणे ४२ला, सरळ साखळीचा ब्युटेन शून्याच्या जरा खाली. पाच कार्बनचा पेंटेन ३६ अंशांना उकळतो, म्हणजे परभणीत मे महिन्याच्या दुपारी सावलीत ठेवलेला पेंटेनसुद्धा उकळी फुटून उडून जाईल. आठ कार्बनच्या ऑक्टेनला १२६ अंश लागतात. सोळा कार्बनचं हेक्झाडेकेन १८ अंशांखाली गोठतं, वीस कार्बनचं ३७च्या आसपास वितळतं आणि तीस कार्बनचं साधारण ६६ला.

बाजारातला माल मात्र एकाच साखळीचा नसतो. कच्च्या तेलातून ऊर्ध्वपातन करून काढलेले ते टप्पे असतात, त्यामुळे प्रत्येकात बरीच मिसळ असते. पेट्रोल, घासलेट आणि डिझेलमध्ये पॅराफिनबरोबर वलयाकार आणि ‘सुगंधी’ (बेंझीनसारखे) हायड्रोकार्बनही असतात. तरी ढोबळ क्रम वहीत लिहून ठेवा: गॅस ३ ते ४ कार्बन, पेट्रोल साधारण ४ ते १२, घासलेट १० ते १६, डिझेल त्याच्या थोडं पुढे, मेण २० ते ४०.

पायरी २: वायू वर जातो की खाली बसतो ते ठरवा

यालाही हिशोबच पुरतो. कार्बनचं वजन १२, हायड्रोजनचं १. मिथेन १६ भरतो, प्रोपेन ४४, ब्युटेन ५८. हवेचं सरासरी वजन २९. म्हणजे मिथेन हवेपेक्षा हलका आणि टाकीतला गॅस हवेपेक्षा बराच जड.

गोबरगॅसमध्ये जळणारा भाग मिथेनचा असतो. ज्या खोलीत गोबरगॅसची शेगडी आहे तिथे झरोका छताजवळ हवा. टाकीचा गॅस, म्हणजे एलपीजी, मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. गळती झाली तर तो फरशीवर पसरतो, ओट्याखाली साचतो, मोरीच्या भोकातून उतरतो. तिथे झरोका जमिनीलगत हवा. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत उजेडासाठी वर गवाक्ष असतं, पण खाली हवा जायला वाट नसते. अशा घरात गॅस आला असेल तर दाराखाली फट ठेवा किंवा भिंतीच्या तळाशी जाळी बसवून घ्या. टाकी खड्ड्यात, तळघरात किंवा बळदाशेजारी ठेवू नका.

एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. तुम्हाला येतो तो त्यात मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टन नावाच्या गंधकयुक्त पदार्थाचा. वास आला की रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, दिव्याचं बटण ना चालू करा ना बंद. बटणात बारीक ठिणगी उडते आणि हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला असला तरी तेवढी ठिणगी पुरते. मग घराबाहेर जाऊन १९०६ या नंबरावर फोन करा.

गॅस गिझर बंद न्हाणीघरात असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी तो बाहेर काढायची व्यवस्था करा. हवा कमी पडली की पॅराफिन पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस बेशुद्ध पडेपर्यंत त्याला काही कळत नाही.

पायरी ३: घासलेट आणि डिझेलची ३५ अंशांची रेषा

मला सगळ्यात कळकळीनं सांगायचं आहे ते हेच. द्रव जळत नसतो, त्याची वाफ जळते. द्रवावर जळण्याइतकी वाफ जमायला जे कमीत कमी तापमान लागतं त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट उणे ४० अंशांच्याही खाली असतो, म्हणून ते कायम पेटायला तयार असतं, आणि हे सगळ्यांना ठाऊक असल्यानं लोक जपतातही. घासलेट आणि डिझेलबद्दल मात्र समज असा, की ‘काडी टाकली तरी पेटत नाही’. डिसेंबरात ते खरंही असतं.

भारतीय मानकाप्रमाणे घासलेटाचा आणि डिझेलचाही फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा लागतो. प्रत्यक्ष मालाचा याहून थोडा जास्त असू शकतो. आता नांदेड-परभणीकडचा मे महिना आठवा: सावलीत पारा ४२-४३, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून कितीतरी वर. त्या शेडमध्ये उघडा ठेवलेला डिझेलचा कॅन थंड प्रदेशातल्या पेट्रोलच्या कॅनसारखा वागू लागतो. त्याच्यावर पेटणारी वाफ जमलेली असू शकते. डिझेल तेच असतं. ऊन त्याला रेषेपलीकडे नेतं.

म्हणून आखाड्यावर इंधन ठेवायचं असेल तर ते पत्र्याखाली नको. झाडाच्या सावलीत दगडमातीचा कोपरा निवडा, कॅनचं झाकण घट्ट असू द्या, पण कॅन काठोकाठ भरू नका. द्रव तापून फुगतो, त्याला वर जागा लागते. मोटारीत किंवा ट्रॅक्टरात दुपारी इंधन भरायची वेळ आली तर इंजिन बंद करून थोडं निवू द्या. चूल पेटत नाही म्हणून निखाऱ्यांवर घासलेट ओतण्याची जुनी सवय तर मोडलीच पाहिजे. निखाऱ्यांच्या उष्णतेनं त्याची वाफ आधी होते आणि ज्योत धारेवरून वर चढते.

पेट्रोलनं यंत्राचे भाग धुणं, हातावरचा ऑइलपेंट काढणं हेही नको. वाफ जमिनीलगत सरपटत दूरच्या बिडीपर्यंत किंवा चुलीपर्यंत जाते आणि तिथून आग मागे येते.

आता लेकरांबद्दल. घासलेट किंवा टर्पेंटाइन पाण्याच्या, सरबताच्या बाटलीत कधीही भरू नका. लेकरानं प्यायलंच तर उलटी काढू नका, मिठाचं पाणी पाजू नका. हा द्रव इतका पातळ असतो की उलटीच्या वेळी सहज श्वासनलिकेत उतरतो आणि फुफ्फुसाला सूज आणतो. पोटात गेल्यापेक्षा तिथे गेल्यानं होणारी इजा फार मोठी असते. कपड्यांवर सांडलं असेल तर कपडे काढा, अंग धुवा, आणि लेकरू नीट दिसत असलं तरी सरळ दवाखाना गाठा.

पायरी ४: अंगाला आणि पोटात जाणारं पॅराफिन

भरपूर शुद्ध केलेल्या लांब साखळ्यांचा घट्टसर द्रव म्हणजे लिक्विड पॅराफिन. बद्धकोष्ठतेवर डॉक्टर तो देतात. आतड्यात तो पचत नाही, फक्त वाट गुळगुळीत करतो. पण रोज घेत राहिलं तर अ, ड, ई आणि के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वं त्याच्याबरोबर निघून जातात. झोपून घेऊ नये, आणि लहान मुलांना, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या मनानं देऊ नये. कारण तेच, ठसका लागून फुफ्फुसात जाण्याचं. गुराचं पोट धरलं तर पशुवैद्यक हेच तेल नळीनं पाजतात. त्यांचं पाहून आपण मात्र जनावराची मान वर करून बांबूच्या नळकांड्यानं ते ओतू नका. तेल चुकीच्या नळीत गेलं तर जनावर हाताचं जाईल.

व्हॅसलीन म्हणजे पेट्रोलियम जेली. रॉबर्ट चेझब्रो यांनी अमेरिकेत १८७२मध्ये तिचं पेटंट घेतलं. तेलविहिरींच्या दांड्यांवर चिकटणारा मेणचट थर पाहून त्यांना ती सुचली होती. ती त्वचेला ओलावा देत नाही, आहे तो उडू देत नाही. म्हणून कोरड्या टाचेवर चोळून फारसा फायदा नाही. रात्री पाय कोमट पाण्यात भिजवा, नुसते टिपून घ्या, थोडा ओलसरपणा असतानाच लावा आणि मोजे घाला. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या माणसांचे हातपाय पाचटानं चिरतात, थंडीत फुटतात. त्यांच्या पिशवीत व्हॅसलीनची डबी असलीच पाहिजे असं माझं मत आहे. फक्त ताज्या भाजल्यावर ती लावू नये, आतली उष्णता कोंडते. आणि व्हॅसलीन मुरलेलं फडकं किंवा गोधडी चुलीपासून लांब ठेवा, असं कापड साध्या कापडापेक्षा लवकर पेटतं.

एक गल्लत इथेच दूर करू. करडईचं, शेंगदाण्याचं तेल आणि लिक्विड पॅराफिन हाताला सारखेच लागतात, पण रसायनात त्यांचं नातं नाही. खाद्यतेल अल्कलीबरोबर उकळलं की त्याचा साबण होतो, पॅराफिनचा होत नाही. खाद्यतेलात खनिज तेलाची भेसळ याच फरकावरून पकडतात: तेल अल्कोहोलमधल्या कॉस्टिक पोटॅशबरोबर उकळून त्यात गरम पाणी घातलं आणि मिश्रण गढूळ झालं, तर संशय खरा. हे काम प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावं.

पायरी ५: मेणबत्ती, आपल्या उन्हाळ्यात न वाकणारी

पॅराफिन मेण पहिल्यांदा वेगळं काढलं ते जर्मन रसायनज्ञ कार्ल फॉन रायखेनबाख यांनी १८३०मध्ये, लाकडाच्या डांबरातून. आता ते येतं कच्च्या तेलातून. आसामातल्या दिग्बोईची १९०१ची रिफायनरी देशातली सगळ्यात जुनी, आणि तिथलं मेण प्रसिद्ध आहे.

दुकानात मेणाच्या पांढऱ्या लाद्या मिळतात. विचारायच्या गोष्टी दोन: द्रवणांक, म्हणजे वितळायचं तापमान, किती, आणि फुल रिफाइन्ड की सेमी. सेमी रिफाइन्ड स्वस्त पडतं, पण त्यात तेल उरलेलं असतं. उन्हाळ्यात ते पृष्ठभागावर घामासारखं सुटतं आणि मेणबत्ती चिकट होते. मराठवाड्यासाठी मी ६०-६२ अंशांचं फुल रिफाइन्ड घ्यायला सांगेन. मेण वितळायच्या बरंच आधी मऊ पडतं, कारण द्रवणांकाच्या काही अंश खालीच त्यातल्या साखळ्या जागच्या जागी हलायला लागतात. कमी द्रवणांकाची मेणबत्ती लातूरच्या बाजारात दुपारी गाड्यावर मांडली की वितळत नाही, वाकते. आणि वाकलेली मेणबत्ती कोणी घेत नाही.

दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका, द्रवणांक स्वतः मोजा. प्रयोगशाळेतला ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटर लागेल. थोडं मेण परीक्षानळीत किंवा लहान वाटीत वितळवा, आचेवरून उतरवा, थर्मामीटर धरून हळू ढवळत राहा आणि अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला आकडा लिहा. पारा सरसर उतरेल, मग एका जागी थबकेल, नंतर पुन्हा उतरू लागेल. थबकला तो आकडा म्हणजे तुमच्या मेणाचा द्रवणांक. गोठताना मेण जी उष्णता बाहेर टाकतं ती तेवढा वेळ पाऱ्याला धरून ठेवते. प्रत्येक नव्या पोत्यातून एक लादी अशी तपासा.

वितळवण्याची पद्धत एकच, पाण्याच्या भांड्यात मेणाचं भांडं. मोठ्या भगुन्यात पाणी, तळाशी तिवई, त्यावर मेणाचं भगुनं. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे मेण त्याच्या वर तापूच शकत नाही. थेट आचेवर ठेवलं तर ते २०० अंशांपर्यंत जाऊन वाफ पेटू शकते. पेटलंच तर आच बंद करा आणि झाकण ठेवा. पाणी मारू नका. पाणी तळाशी जाऊन एकदम वाफ होतं आणि जळतं मेण खोलीभर उडवतं. हातावर गरम मेण सांडलं तर मात्र उलट, लगेच साधं पाणी ओतत राहा, वीस मिनिटं तरी, आणि चिकटलेलं मेण ओरबाडू नका. काम सुरू करण्याआधी एक बादली भरलेली असावी, मग पाण्याची कितीही टंचाई असो.

एक किलो मेणाला १०० ग्रॅम स्टिअरिक अ‍ॅसिड घाला. ते पॅराफिन नाही, चरबीतलं आम्ल आहे, पण मेणात छान मिसळतं. मेणबत्ती टणक, दुधी होते आणि साच्यातून लवकर सुटते. रंग तेलात विरघळणाराच घ्या. कुंकू, हळद किंवा खाण्याचा रंग मेणात विरघळत नाही, कण तळाशी बसतात आणि वातीची तोंडं बुजवतात. सुगंध भांडं आचेवरून उतरवल्यावर घाला.

वात आपल्या मुलखातल्या कापसाची करता येते, पण नुसती पीळ दिलेली नको, तीन पदरी वेणी हवी. वेणी जळताना टोकाशी वळते, टोक ज्योतीच्या बाहेरच्या गरम भागात येतं आणि जळून जातं. पीळ दिलेली वात सरळ उभी राहते, तिच्यावर काजळीचं बोंड धरतं. विणलेल्या वातीची युक्ती फ्रान्समध्ये १८२०च्या दशकात निघाली; त्याआधी दर थोड्या वेळानं वात कातरावी लागे. वेणी मीठ आणि टाकणखाराच्या पाण्यात रात्रभर भिजवा, सावलीत पूर्ण वाळवा, मग मेणात बुडवून ताठ करा.

साच्याला आतून तेलाचा हात फिरवा, वात ताणून मध्यावर बांधा आणि मेण ७५ ते ८० अंशांना असताना एका धारेत ओता. गोठताना मेण दहा टक्क्यांहून जास्त आकसतं, त्यामुळे वातीभोवती खड्डा पडतो. सुईनं साय फोडून त्यात थोडं जास्त गरम मेण पुन्हा भरा. लवकर निवावं म्हणून साचा पाण्यात ठेवत असाल तर पाणी आत शिरू देऊ नका. तशी मेणबत्ती जळताना तडतडते.

पहिली मेणबत्ती विकायची नाही, जाळून बघायची. काजळी येते, मेण कडेनं ओघळतं, तर वात जाड आहे. ज्योत खड्ड्यात बुडून विझते, तर वात बारीक आहे. बऱ्यापैकी वेळ जळल्यावर फुंकून विझवा आणि वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराला काडी दाखवा. ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर येईल. तो पांढरा धूर म्हणजे मेणाची गोठती वाफ, जळते तीच. ज्योतीच्या वर थंड स्टीलचा पेला उलटा धरा, आतून दव धरेल. मेण जळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतात. एक किलो मेणापासून सव्वा किलोहून जास्त पाणी आणि तीन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात भर घालतो. शाळेतल्या मुलांना हा पेला नक्की दाखवा.

दिवाळीचा माल श्रावण-भाद्रपदात ओतायला घ्या, तेव्हा हवा उतरलेली असते. उन्हाळ्यात ओतावाच लागला तर पहाटे. तयार मेणबत्त्या आडव्या, कागदात गुंडाळून, खोक्यात भरून सगळ्यात थंड खोलीत जमिनीजवळ ठेवा. पत्र्याच्या खोलीत माळ्यावर तर मुळीच नको. भगुन्यात उरलेलं मेण मोरीत ओतू नका, नळीत गोठून बसतं. ते गाळून पुढच्या घाण्यात घ्या, किंवा आगपेटीतल्या काड्यांची टोकं त्यात बुडवून ठेवा; पावसाळ्यात आखाड्यावर दमट हवेतही त्या पेटतात.